रहस्यपट गप्प बसून पाहायचा नसतो

पुण्याच्या खराडीत राहणाऱ्या आम्हा काही जणांवर एक आरोप वारंवार होतो, आणि तो करणारी माणसं सिनेमावर जीव टाकणारी आहेत. फिल्म सोसायटीच्या चळवळीत त्यांनी उमेदीची वर्षं घातली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, म्हणजे पुणेकरांच्या ‘आर्काइव्ह’मध्ये, त्यांनी जगभरचा सिनेमा पाहिला, इतरांना दाखवला, समजावून सांगितला. त्यांचं म्हणणं असं की, शनिवारी रात्री आपापल्या घरी बसून ठरल्या क्षणी एकच जुना रहस्यपट सुरू करायचा आणि तो चालू असताना एकमेकांना संदेश पाठवत राहायचं, याला चित्रपट पाहणं म्हणता येत नाही. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला तसं सविस्तर लिहून कळवलं. सिनेमा अंधारात, मोठ्या पडद्यावर आणि मौनात पाहायचा असतो, हा त्यांचा पहिला आक्षेप. रहस्यपटाचा सगळा जीव उलगड्यात. तो एकदा कळला की मागे काही उरत नाही, मग त्याच्याभोवती मंडळ कसलं जमवायचं, हा दुसरा. आणि मराठीत रहस्यपटाची परंपराच नाही, तेव्हा हा परक्या चित्रांचा उसना शौक आहे, हा तिसरा.

यातली एकही गोष्ट मला मान्य नाही. मोठ्या पडद्याबद्दल ते जे म्हणतात तेवढं मान्य आहे, पण त्यातून ते जो निष्कर्ष काढतात तो नाही. आणि हे मी जपून लिहितो आहे, कारण समोरच्या माणसांनी पुण्याला सिनेमा पाहायला शिकवलं आहे.

आम्ही करतो काय, ते आधी सांगायला हवं. आमच्यातले काही जण खराडीत, काही वडगाव शेरी आणि केशवनगरला, काही थेट कोल्हापूर आणि बेळगावात राहतात. न्यू जर्सीतही आमची माणसं आहेत. इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की त्यांच्याकडे दुपार असते. साडेनऊला सगळे एकदम सुरू करतात. उशिरा आलेल्याने मागे राहून पाहायचं, पुढची गोष्ट विचारायची नाही. चित्रपट आधी पाहिलेला असेल त्याने खूण, सूचना, हसरा चेहरा, काहीही टाकायचं नाही. उलगड्याच्या थोडं आधी सगळे थांबतात आणि प्रत्येक जण आपला संशयित कारणासकट लिहितो. मग पुढचा भाग, आणि त्यानंतर गप्पा, ज्या पुष्कळदा चित्रपटापेक्षा लांबतात. बेसिल रॅथबोनचा शेरलॉक होम्स, ‘द थिन मॅन’, राज खोसला आणि विजय आनंद यांचे हिंदी चित्रपट, सत्यजित रायांचा ब्योमकेश, राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ असं आमचं पाहणं चालतं.

आता मौनाची गोष्ट. फिल्म सोसायट्यांनी आपल्याला मौन शिकवलं आणि ते योग्यच होतं. १९४७ मध्ये कलकत्त्यात सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला. पुढे मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’, पुण्यात ‘आशय’ अशा संस्थांनी मराठी प्रेक्षकांना बर्गमन, ओझू, कुरोसावा दाखवले. त्या काळात आपल्याकडे सिनेमा म्हणजे शिट्ट्या आणि शेंगदाणे असा समज होता. पडद्यावरची लांबलेली शांतता सोसायला प्रेक्षकाला सवय लागते आणि ती सवय या मंडळींनी लावली. ओझूच्या चित्रपटात कुणी शेजारी कुजबुजलं तर मलाही राग येतो. पण एका प्रकारच्या चित्रपटासाठी घडवलेली शिस्त सगळ्या सिनेमाचा धर्म म्हणून लादली, की चूक होते. ज्यांनी रहस्यपट बनवले त्यांनी प्रेक्षक कसा गृहीत धरला होता, हे आधी पाहायला हवं.

१९६५ मध्ये ‘टेन लिटल इंडियन्स’ हा ब्रिटिश चित्रपट आला. दिग्दर्शक जॉर्ज पोलॉक, कथा अगाथा ख्रिस्तीची, तीच जिच्यावरून त्याच वर्षी आपल्याकडे ‘गुमनाम’ आला. त्या चित्रपटात शेवटाच्या आधी गोष्ट चक्क थांबते. पडद्यावर घड्याळ येतं आणि प्रेक्षकांना एक मिनिट दिलं जातं: खुनी कोण, ते आपसांत ठरवा. निर्मात्यांनी भर थिएटरात, मोठ्या पडद्यावर, अंधारात, प्रेक्षकांना बोलायला वेळ काढून दिला होता. आमच्या शनिवारच्या थांब्याला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी या एका मिनिटाचा विचार करावा. साठ वर्षांपूर्वी जे खुद्द चित्रपटानं मागितलं तेच आम्ही करतो.

हे एकच उदाहरण असतं तर ती एक युक्ती म्हणून सोडून देता आली असती. पण क्लूझोचा ‘दियाबोलिक’ (१९५५) संपतो तो प्रेक्षकांना केलेल्या विनंतीनं: बाहेर जाऊन शेवट सांगू नका. बिली वाइल्डरच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’च्या (१९५७) अखेरीस एक आवाज तीच विनंती करतो. लंडनमध्ये १९५२ पासून चालत आलेल्या ‘द माउसट्रॅप’ नाटकाच्या शेवटी नट प्रेक्षकांना तेच सांगतात. १९६० मध्ये ‘सायको’च्या वेळी हिचकॉकनं चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरवाल्यांकडून पाळून घेतला. तोवर अमेरिकेत लोक चित्रपट चालू असताना केव्हाही आत शिरत आणि जिथून सुरुवात केली तिथवर पाहून निघून जात. सगळ्यांनी एकाच क्षणी सुरू करायचं हा आमचा नियम आणि हिचकॉकचा नियम एकच आहे.

या सगळ्या विनंत्यांतून काय दिसतं? रहस्यपट पाहणाऱ्याचं नातं फक्त पडद्याशी नसतं. शेजारी बसलेल्याशी, उद्या पाहणाऱ्याशी, काल पाहून गेलेल्याशी त्याचं नातं असतं. ज्याला ठाऊक आहे त्यानं गप्प राहायचं आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं बोलायचं, असा हा करार आहे. करुणपट एकट्यानं पाहून रडता येतं. रहस्यपट एकट्यानं पाहिला तर संशय मनात येतो आणि तिथेच विरून जातो. दुसऱ्यासमोर मांडला की त्याला पुरावा द्यावा लागतो, आणि पुरावा द्यायचा म्हटलं की डोळे नीट उघडून पाहावं लागतं.

गुप्तहेराच्या गोष्टीची रचनाच तशी आहे. होम्सला वॉटसन लागतो, ब्योमकेशला अजित, बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयला छोटू. हा दुसरा माणूस गोष्टीत असतो तो प्रश्न विचारायला, चुकीचा अंदाज बांधायला, मोठ्यानं आश्चर्य करायला. तो नसेल तर गुप्तहेराची बुद्धी आपल्याला दिसणारच नाही. प्रेक्षकाची जागा त्या दुसऱ्या माणसाची आहे. छोटूला तोंड बंद ठेवायला सांगून धनंजयची गोष्ट चालवता येत नाही.

स्नेह्यांचा याच अनुषंगानं आणखी एक मुद्दा आहे आणि तो वजनदार आहे. मान खाली घालून संदेश लिहिणाऱ्याची चौकट निसटते, असं ते म्हणतात. रहस्यपटात तर निसटलेल्या चौकटीतच मेख असू शकते. खरं आहे. म्हणून आमच्याकडे चालू चित्रपटात लांबलचक लिहायला मनाई आहे. दोन-चार शब्द चालतात, बाकीचं थांब्यात. पण निसटलेलं परत मिळवण्याची सोय जर कुठे असेल तर ती अशा मंडळातच आहे. एकाला काड्यापेटी दिसते, दुसऱ्याला दाराची कडी, तिसऱ्याच्या लक्षात येतं की नोकरानं आधीच्या प्रसंगात वेगळी वेळ सांगितली होती. शांत सभागृहात ही तिन्ही निरीक्षणं तीन डोक्यांत वेगवेगळी राहतात आणि पार्किंगपर्यंत पोचेतो विसरली जातात.

दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. उत्तर कळलं की रहस्यपट संपला, हे विधान इतक्या जणांच्या तोंडी आहे की ते तपासावं असं कुणाला वाटतच नाही. मराठी माणसानं तर ते मुळीच म्हणू नये. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पहिल्यांदा उभं राहिलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे गुन्हेगार आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असतं. कोण, हा प्रश्न तिथे नाहीच. तरीही प्रभाकर पणशीकरांनी त्याचे हजारो प्रयोग केले, आणि पुन्हा पुन्हा येणारे प्रेक्षक सगळं ठाऊक असून येत होते. ते पाहायला येत ते असं की, हा माणूस आता कसा निसटतो, फिरत्या रंगमंचावर पुढचं रूप कोणतं घेतो, साक्षीदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून नाही कसं म्हणतो. गुन्ह्याच्या गोष्टीतली खरी गंमत उत्तरापलीकडे असते, हे मराठी प्रेक्षकानं फार आधी ओळखलं होतं.

हॉलिवूडचा पुरावा याहून ठसठशीत आहे. हॉवर्ड हॉक्सचा ‘द बिग स्लीप’ घ्या. रेमंड चँडलरच्या १९३९ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. चित्रीकरणात प्रश्न निघाला की गोष्टीतल्या मोटारचालकाला कुणी मारलं? पटकथाकारांत विल्यम फॉकनरसारखा लेखक होता, तरी कुणाला सांगता येईना. चँडलरकडे विचारणा केली तेव्हा त्यानं कळवलं की, मलाही माहीत नाही. पुढची हकिकत जास्त महत्त्वाची. चित्रपट १९४५ मध्ये तयार होता आणि सैनिकांना दाखवलाही गेला होता. त्या आवृत्तीत सगळा गुन्हा समजावून सांगणारा एक लांब प्रसंग होता. स्टुडिओनं तो काढला आणि हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचे नवे प्रसंग घातले. १९४६ मध्ये प्रदर्शित झालेला, आज अभिजात मानला जाणारा चित्रपट हा असा उत्तर कमी केलेला चित्रपट आहे. उत्तरातच जीव असता तर तो त्या कात्रीनं मेला असता.

आणि मग ‘पाठलाग’. राजा परांजप्यांचा १९६४ चा हा चित्रपट जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून आला. भावना आणि काशीनाथ घाणेकर त्यात आहेत, गीतं गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. राज खोसलांनी त्यावरून १९६६ मध्ये ‘मेरा साया’ केला, साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन. आम्ही हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या शनिवारी पाहिले, आणि ज्यांनी हिंदी आधी पाहिला होता त्यांना मुद्दाम मराठीच्या रात्री हजर राहायला सांगितलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी काय पाहावं?

शेवट न फोडता जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो. एका वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत वारलेली आहे. मग एक स्त्री न्यायालयात उभी राहते, हुबेहूब तशीच दिसणारी, आणि म्हणते, मी तुमची बायको. नवराच तिची उलटतपासणी घेतो. पहिल्यांदा पाहताना आपण नवऱ्याच्या बाजूनं पाहतो. ती बोलते ते खरं की खोटं एवढंच तपासत असतो. उत्तर ठाऊक असलेला प्रेक्षक मात्र तिच्याकडे पाहतो. पिंजऱ्यातल्या तिच्या प्रत्येक नजरेचा अर्थ त्याच्यासाठी बदललेला असतो. नवऱ्याच्या प्रश्नातला कोरडेपणा त्याला वेगळ्या ठिकाणी टोचतो. चित्रपट एकच, पण त्याचं दुःख दुसऱ्या माणसाकडे सरकलेलं. थांब्याच्या वेळी आमच्यात दोन तट पडले, ठाऊक असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा, आणि ठाऊक असलेल्यांना आपलं म्हणणं शेवटपर्यंत गिळून ठेवावं लागलं. मग जे बोलणं झालं ते दिग्दर्शकानं कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर किती वेळ ठेवला याबद्दल होतं. कृष्णधवल मराठी चित्रपटातलं घर आणि रंगीत हिंदीतली राजस्थानी हवेली यांनी त्याच संशयाचा रंग कसा पालटला याबद्दल होतं. खुनी, चोर, तोतया कोण हा विषय केव्हाच मागे पडला होता. चित्रपट-आस्वादाच्या वर्गात सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना हेच करायला शिकवलं: पुन्हा पाहा, चौकट पाहा, कशासाठी ते विचारा. आम्ही त्यांच्याच वाटेनं चाललो आहोत. वर्गाची जागा तेवढी बदलली आहे.

‘इत्तेफाक’चंही (१९६९) तसंच. यश चोप्रांचा बिनगाण्यांचा हा चित्रपट ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून आला, ते नाटक एका इंग्रजी नाटकावरून. जवळजवळ सगळं एका घरात, एका रात्रीत घडतं. दुसऱ्यांदा पाहताना नंदाच्या चेहऱ्यावर काय काय आहे ते पाहण्यात रात्र कशी जाते कळत नाही. यापुढे त्याबद्दल लिहिलं तर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याशी मी करार मोडेन.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त लागला. मराठीत रहस्यपटाची परंपरा नाही, असं मराठी सिनेमाच्या जाणकारांनीच म्हणावं! ‘पाठलाग’ एवढं एकच नाव पुरेसं आहे. त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ झाला, तमिळमध्ये १९६५ मध्ये ‘इदय कमलम’ झाला. चंद्रकांत कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ (१९९९), जवळपास सगळ्या भूमिका स्त्रियांच्या असलेला रहस्यपट, वर्षभरात प्रियदर्शननं तमिळमध्ये ‘स्नेगिदिये’ म्हणून केला. म्हणजे रहस्य मराठीतून बाहेर गेलं आहे, उसनं आणलेलंच नाही. वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) गाण्यांसाठी आठवला जातो, त्यातल्या भयाची आणि संशयाची बांधणी कुणी तपासत नाही. दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ पाहत मोठी झालेली पिढी आज पन्नाशीत आहे. त्या मालिकेतले बी. पी. सिंह आणि शिवाजी साटम पुढे ‘सी.आय.डी.’ घेऊन १९९८ पासून वीस वर्षं देशभरच्या घरांत होते. आणि निखिल महाजनचा ‘पुणे ५२’ (२०१३), ज्यात गिरीश कुलकर्णीचा अमर आपटे नव्वदीच्या सुरुवातीच्या पुण्यात खासगी गुप्तहेर म्हणून लोकांच्या संसारात डोकावत फिरतो. हा चित्रपट पाहिल्यावर आमच्यातल्या एकीनं म्हटलं की, आता कुणीतरी ‘पुणे १४’ करायला हवा. खराडीचा पिनकोड ४११०१४ आहे, आणि तिनं ते पूर्ण गांभीर्यानं म्हटलं होतं. भाड्याचे फ्लॅट, दर अकरा महिन्यांनी बदलणारे शेजारी, रात्रभर उजळ असलेल्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या सावलीतलं नदीकाठचं जुनं गाव: गुप्तहेराच्या गोष्टीला याहून चांगली जागा पुण्यात दुसरी नाही.

परंपरा नाही असं वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे. आपण या प्रकाराला कधी घरात घेतलंच नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजे बाबूराव अर्नाळकर, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं तीन पिढ्यांनी लहानपणी जपली. साहित्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला काही ओळी येतात, त्याही बहुधा आकड्याच्या आश्चर्यासाठी. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांचंही तेच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, म्हणजे खराडीहून नदी ओलांडून गेलं की त्याचं गाव. त्याला प्रेम मिळालं, कारण तो मुलांचा होता. मोठ्यांनी गुप्तहेराच्या गोष्टीवर प्रेम करणं मात्र आपल्याकडे बालिश मानलं गेलं. अर्नाळकरांची पुस्तकं वाचनालयातून घरी येत आणि एका पुस्तकावर सगळ्या वाड्याचा हक्क असे. ज्याचं वाचून झालं त्यानं शेवट सांगायचा नाही आणि ज्याचं चालू आहे त्याला छळायचं नाही, हा नियम तेव्हाही होता. आमच्या शनिवारच्या रात्रीचं मूळ तिथे आहे. ते कुठल्या परदेशी नादात शोधायची गरज नाही.

परदेशी चित्रपट आम्ही पाहतो, आनंदानं पाहतो. पण उसनेपणानं पाहत नाही. १९३९ ते १९४६ या काळात रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांनी होम्स-वॉटसनचे चौदा चित्रपट केले. पहिले दोन व्हिक्टोरियन काळातले, पुढचे बारा युनिव्हर्सलनं युद्धकाळात आणून ठेवलेले, ज्यांतल्या काहींत बेकर स्ट्रीटचा होम्स नाझी हेरांच्या मागे लागतो. ते पाहताना आमच्यात वाद झाला की, गुप्तहेराला प्रचाराला जुंपलं की त्याची बुद्धी बोथट होते का. चार्ली चॅनच्या चित्रपटांत चिनी गुप्तहेराचं काम वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या नटानं केलं आहे. ते चित्रपट पाहिले त्या रात्री गुन्ह्यापेक्षा याच गोष्टीवर जास्त बोलणं झालं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. आमच्या इमारतीत बंगाली कुटुंबं आहेत. उत्तमकुमारचा ब्योमकेश असलेला रायांचा ‘चिड़ियाखाना’ (१९६७) त्यांनी सुचवला, आणि कुठला संवाद का हसवतो ते त्यांनी आम्हाला सांगितलं. बदल्यात त्यांनी धनंजय आणि छोटूबद्दल ऐकून घेतलं. खराडीत एकाच लिफ्टनं रोज वर-खाली करणारी ही माणसं एरवी एकमेकांशी पार्किंग आणि पाण्याच्या टँकरपलीकडे बोलत नाहीत.

आता मोठा पडदा. इथे मी स्नेह्यांच्या बाजूनं आहे. ‘महल’ (१९४९) किंवा ‘कानून’मधल्या (१९६०) सावल्या फोनच्या काचेवर पाहायच्या नसतात. कृष्णधवल छायाचित्रणात काळ्याच्या किती छटा असतात हे आर्काइव्हच्या सभागृहात फिल्मवर पाहिल्याशिवाय कळत नाही. पण ज्यांचं घर त्या सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे त्यांनी शहराचा नकाशा एकदा पाहावा. पुण्याचं चित्रपटवेड जिथे घडलं ते आर्काइव्ह, एफटीआयआय, अलका, प्रभात, विजय, नटराज सगळं शहराच्या पश्चिमेला आणि मध्यभागी. खराडी १९९७ मध्ये महापालिकेत आली, आयटी पार्क उभे राहिले आणि देशभरची माणसं इथे राहायला आली. त्यांच्यासाठी रस्ते अपुरे आले, पाणी अपुरं आलं, आणि सिनेमा म्हणून फक्त मल्टिप्लेक्स आलं, जिथे या आठवड्याचा चित्रपट पुढच्या आठवड्यात नसतो. तिथे ‘पाठलाग’ कोण लावणार? मार्च २०२४ पासून रामवाडीला मेट्रोत बसून नळ स्टॉपला उतरता येतं, ही मोठी सोय झाली, आणि आमच्यातले काही जण ती वापरून आर्काइव्हमध्ये जातात. पण संध्याकाळी साडेसहाच्या खेळाला पोचायला ऑफिसमधून पाचला निघावं लागतं, आणि ज्याचं काम अमेरिकेच्या घड्याळावर चालतं त्याची त्या वेळी बैठक सुरू होत असते. लहान मूल झोपवून मगच मोकळी होणारी आई, गुडघ्यांनी थकलेले आजोबा, रात्रपाळीतून सुटीचा एकच दिवस मिळणारी नर्स, यांना मोठ्या पडद्याची महती सांगायची आणि तिथवर नेण्याची तजवीज करायची नाही, याला रसिकता कशी म्हणायची?

शिवाय, जुना मराठी सिनेमा आपण सगळ्यांनी मोठ्या पडद्यावरच पाहिला असं स्मरणरंजन करू नये. माझ्या पिढीनं राजा परांजपे पाहिले ते दूरदर्शनवर, शनिवारच्या मराठी चित्रपटात, ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरी दाटीवाटीनं बसून. पडदा वीतभर, चित्राला मुंग्या, आणि बोलणं तर अखंड. त्या खोलीत ‘पाठलाग’ पाहून ज्यांच्या अंगावर काटा आला ते खोटं पाहत होते का?

एक आक्षेप स्नेह्यांनी लेखी केला नाही, पण बोलण्यात आला: तुम्ही पाहता त्या प्रती कुठून येतात? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आम्हा प्रेक्षकांपेक्षा संस्थांना जास्त द्यावं लागेल. चोरून चढवलेली, कापलेली, मधोमध कुणाचं तरी बोधचिन्ह चिकटवलेली प्रत आम्ही पाहत नाही. त्यामुळेच आमच्या यादीत मराठी चित्रपट हवे तेवढे येत नाहीत. पण कायदा काय सांगतो तेही पाहावं. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे ‘सी.आय.डी.’ या चित्रपटाची (१९५६) मुदत २०१६ च्या अखेरीस संपली, ‘कानून’ची २०२० च्या, ‘बीस साल बाद’ची (१९६२) २०२२ च्या. ‘वो कौन थी’ आणि ‘पाठलाग’ हे दोन्ही १९६४ चे, त्यांची २०२४ च्या अखेरीस. त्यामागून ‘गुमनाम’ आणि ‘तीसरी मंज़िल’. कथा, गीत, संगीत यांचे हक्क वेगळे असतात आणि ते ज्याचे त्याला मिळायलाच हवेत. पण चित्रपट म्हणून ज्यांवर आता कुणाची मालकी उरलेली नाही असे आपले रहस्यपट वर्षागणिक वाढत आहेत, आणि त्यांच्या नीट प्रती सामान्य माणसाच्या हाती लागत नाहीत. मालकी संपली तरी रिळं कपाटातच राहिली तर त्या मोकळेपणाला अर्थ काय?

पी. के. नायर यांनी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आर्काइव्हसाठी गावोगाव फिरून, अडगळीच्या खोल्यांतून रिळं गोळा केली. ‘आलम आरा’ त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुने चित्रपट जळाले, ते पुन्हा दिसणार नाहीत. इतकं गमावल्यावर जे उरलं आहे ते कोणी, कुठल्या पडद्यावर, किती शांत बसून पाहावं यावर अटी घालायच्या की ते जास्तीत जास्त घरांत पोचवायचं? राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली चित्रपट स्वच्छ करण्याचं, त्यांचं डिजिटल रूप करण्याचं काम चालू आहे. त्यात मराठी रहस्यपट मागच्या रांगेत राहू नयेत यासाठी आवाज कोण उठवणार? ज्यांनी हा प्रकार कधी गंभीरपणे घेतला नाही ते उठवणार नाहीत. तो आवाज चाहत्यांनाच उठवावा लागेल, आणि चाहते एकमेकांना भेटल्याशिवाय आवाज तयार होत नाही.

म्हणून माझं मागणं स्नेह्यांकडेही आहे आणि आर्काइव्हकडेही. ‘पाठलाग’ची स्वच्छ प्रत तिकीट लावून, ठरावीक रात्री, घरोघर पाहता येईल अशी दाखवावी. त्याच आठवड्यात लॉ कॉलेज रस्त्यावर तीच प्रत मोठ्या पडद्यावर लावावी. आम्ही खराडीहून बस करून येऊ आणि संपूर्ण खेळ तोंड मिटून पाहू. स्नेह्यांनी शनिवारी साडेनऊला आमच्यात यावं आणि थांब्यावर आपला संशयित लिहावा. बाहेरच्या भाषांतल्या शेजाऱ्यांसाठी इंग्रजी आणि हिंदी उपशीर्षकं लागतील. ती करायला आमच्यात माणसं आहेत, मोबदला नको. श्रेयनामावलीत नाव नसलेले नट ओळखायचे असतील तर त्यासाठी बेळगाव आणि कोल्हापूरकडची आमची जुनी जाणती मंडळी तयार आहेत. कामाला केव्हा लागायचं ते सांगा.